मुखवट्यावर आणि नुसत्या आवाजावर जडलेला जीव

सांजवेळ

“रबराचा पोशाख चढवलेल्या माणसासाठी या वयात डोळ्यांत पाणी कसे येते?” हा प्रश्न गेल्या महिन्यात घरातल्याच एका वडीलधाऱ्यांनी मला विचारला. त्यात टोमणा नव्हता, खरे कुतूहल होते, आणि म्हणूनच त्या क्षणी मला नीट उत्तर देता आले नाही याची रुखरुख लागून राहिली. ते उत्तर इथे मांडून पाहते. ज्यांना पटणार नाही त्यांनी अवश्य खोडून काढावे.

मी त्या वेळी ‘अल्ट्रासेव्हन’चा शेवटचा भाग पाहत होते. त्सुबुराया प्रॉडक्शन्सची ही ४९ भागांची मालिका जपानमध्ये १ ऑक्टोबर १९६७ ते ८ सप्टेंबर १९६८ या काळात चालली. तिचा नायक मोरोबोशी दान हा माणसाच्या रूपात पृथ्वीवर राहणारा परग्रहवासी आहे आणि पृथ्वीचे रक्षण करणाऱ्या त्याच्या तुकडीतल्या कोणालाही हे ठाऊक नाही. वर्षभराच्या झुंजींनी त्याचे शरीर इतके खचले आहे की पुन्हा रूप बदलून अल्ट्रासेव्हन झाला तर जिवावर बेतेल. तरीही एका सहकाऱ्याला सोडवण्यासाठी तो निघतो आणि निघण्यापूर्वी आन या आपल्या सहकारी तरुणीला आपण कोण आहोत ते सांगतो. ते शब्द त्याच्या तोंडून बाहेर पडतात त्याच क्षणी जर्मन संगीतकार शूमानच्या पियानो कंचेर्टोचे सूर कोसळतात, मागचा सगळा पडदा चमचमत्या प्रकाशाने भरून जातो आणि दोघांच्या फक्त काळ्या आकृत्या उरतात. चेहरे दिसत नाहीत. आन त्यावर एवढेच म्हणते की माणूस असो वा परग्रहवासी, दान हा दानच आहे.

हा क्षण इतका का भिडतो याचा विचार करताना माझ्या लक्षात आले की तिथे दानच्या चेहऱ्यावरचे भाव मला दाखवलेले नाहीत, ते माझे मीच भरून काढलेले आहेत. आणि मग असे वाटू लागले की जपानी ‘तोकुसात्सु’ मालिकांचे, म्हणजे विशेष छायाचित्रणावर आणि पोशाखांवर उभ्या असलेल्या मालिकांचे, सगळे बळच इथे आहे. १९६६च्या ‘अल्ट्रामॅन’ या आधीच्या मालिकेतल्या नायकाचे रूप ज्यांनी घडवले त्या तोरू नारिता यांनी त्या मुखवट्याच्या ओठांवर प्राचीन मूर्तींवर असते तसे अगदी पुसट स्मित ठेवले. सुरुवातीला त्याचे तोंड हलावे अशी योजना होती, ती पुढे सोडून द्यावी लागली. म्हणजे हा नायक ३९ भागांत एकदाही ओठ हलवत नाही, भुवई उंचावत नाही, आणि तरीही पाहणाऱ्याला तो कधी थकलेला, कधी चिडलेला, तर कधी दयेने भरलेला दिसतो. नो या जपानच्या पारंपरिक नाटकातला नट मुखवटा किंचित वर उचलतो तेव्हा तो उजळला असे म्हणतात आणि खाली झुकवतो तेव्हा तो झाकोळला असे म्हणतात. लाकूड तेच असते. बदल पाहणाऱ्याच्या मनात घडतो.

कथात्म पॉडकास्टमध्ये मला हेच दुसऱ्या बाजूने घडताना दिसते. ‘वेलकम टू नाइट व्हेल’ हा जोसेफ फिंक आणि जेफ्री क्रॅनर यांचा पॉडकास्ट जून २०१२ मध्ये सुरू झाला. वाळवंटातल्या एका चमत्कारिक गावाच्या रेडिओ केंद्रावरचा निवेदक सेसिल गावच्या बातम्या सांगतो, एवढाच त्याचा आराखडा. सेसिल बाल्डविन यांच्या त्या खोल, ठेहराव असलेल्या आवाजापलीकडे त्या पात्राचे रूप आपल्याला कधी ठामपणे सांगितले जात नाही. तरी जगभरातल्या श्रोत्यांनी त्याची हजारो चित्रे काढली, त्याच्यासारखे पोशाख केले, आणि कार्लोस या शास्त्रज्ञावर त्याचा जीव जडत गेला तेव्हा जवळच्या मित्राचे लग्न ठरावे तसे ते आनंदले.

माझे म्हणणे असे आहे. जिथे चेहरा लपलेला असतो तिथे पात्राची निम्मी घडण आपण करतो, आणि ज्याच्या घडणीत आपले काही गेले आहे त्याच्यावरची माया उथळ असू शकत नाही. ती मोठेपणी टिकली तर तो पोरकटपणा नव्हे. आणि ती माया त्या पात्रावरचीच असते, ना नटावरची, ना कंपनीवरची. या शेवटच्या वाक्यावर मला विशेष चर्चा हवी आहे, कारण तिथे मतभेद होतील याची मला कल्पना आहे.

कंदील

सांजवेळ, लेख मनापासून लिहिलेला आहे आणि म्हणूनच मनापासून विरोध नोंदवतो. ‘ना नटावरची’ हे दोन शब्द मला मान्य नाहीत, आणि ते मला अन्यायाचे वाटतात.

मुखवट्यात बदल घडत नाही, तो पाहणाऱ्याच्या मनात घडतो, असे आपण म्हणता. मग मुखवटा वर उचलला कोणी? खाली झुकवला कोणी? अल्ट्रामॅनच्या पोशाखात बिन फुरुया हा नट होता. उंच, सडपातळ, लांब हातापायांचा, म्हणून त्याची निवड झाली. तोही चेहरा दाखवून काम करण्याची इच्छा असलेला नट होता, आणि त्याला डोक्यापासून पायापर्यंत बंद करून टाकण्यात आले. आत हवा नाही, वर दिव्यांचा ताप, आणि मुखवट्याला पाडलेल्या बारीक छिद्रांतून दिसेल तेवढेच जग. अल्ट्रामॅन झुंजीपूर्वी जो किंचित पुढे वाकून, हात पुढे धरून उभा राहतो, ती ढब हॉलिवूडचा नट जेम्स डीन याच्या एका चाकूच्या मारामारीच्या दृश्यावरून आपल्याला सुचली, असे फुरुया यांनी सांगितलेले आहे. म्हणजे आपण ज्याला पाहणाऱ्याच्या मनाने भरलेले रिकामपण म्हणता, तिथे एका माणसाचे पाठीचे मणके, त्याचा श्वास आणि त्याची चित्रपटांची आवड होती.

हे काम नकोसे होऊन ते सोडण्याच्या विचारात असताना, बसमध्ये काही मुले अल्ट्रामॅनबद्दल डोळे विस्फारून बोलताना फुरुया यांनी ऐकली आणि सोडण्याचा विचार मागे घेतला, ही हकीकत त्यांनी स्वतः सांगितलेली आहे. चाहते ती नेहमी कौतुकाने सांगतात. मला ती वाचताना दर वेळी गलबलून येते, पण वेगळ्या कारणाने. ज्याच्याविषयी मुले बोलत होती तो माणूस त्यांच्याच बसमध्ये बसला होता आणि एकाही मुलाला त्याचा चेहरा ठाऊक नव्हता. पात्रावर एवढी माया करणाऱ्यांनी त्या माणसाचे नाव तरी पाठ करावे, इतकीच माझी अपेक्षा आहे. आपल्या लेखात मुखवट्याच्या शिल्पाचे श्रेय ज्याचे त्याला मिळाले, आणि तो मुखवटा वर्षभर अंगावर वागवणाऱ्याचा साधा उल्लेखही नाही.

घाटमाथा

वाद चालू राहू द्यावा, पण एक आठवण नोंदवल्यावाचून राहवत नाही, कारण आपल्यापैकी अनेकांसाठी ही मालिका-परंपरा परकी नाही.

१९८०च्या दशकात दूरदर्शनवर ‘जायंट रोबो’ लागत असे. मूळ जपानी मालिका १९६७-६८ची, २६ भागांची, मित्सुतेरू योकोयामा यांच्या कल्पनेतली. आपल्याकडे आली ती तिचे अमेरिकन इंग्रजी रूप होऊन, ज्यात दाइसाकू या मुलाचे नाव जॉनी सोको झाले होते. आमच्या वाड्यात एकच दूरचित्रवाणी संच होता. संवादातले इंग्रजी आम्हाला पाव हिश्शानेही कळत नसे, तरी जॉनीसारखे मनगटाला तोंड लावून रोबोला हुकूम सोडण्याचा खेळ आम्ही सगळी मुले खेळत होतो. मनगटावर घड्याळ कोणाकडेच नव्हते. बॉलपेनाने काढलेले घड्याळ पुरत असे.

त्या रोबोचा चेहरा इजिप्तच्या फॅरोसारखा, पूर्ण निश्चल. तो बोलत नाही. मुलगा सांगेल ते करतो, एवढेच. आणि शेवटच्या भागात, शत्रू नष्ट व्हायचा तर पृथ्वीजवळ होऊन चालणार नाही म्हणून, तो त्या शत्रूला कवटाळून आकाशात निघून जातो. मुलगा मनगटावरून “परत ये” असे ओरडत राहतो आणि आयुष्यात पहिल्यांदा रोबो त्याचा हुकूम मोडतो. मी त्या रात्री जेवलो नाही. आईने कारण विचारले तेव्हा मला ते सांगता आले नाही, कारण जे गेले होते ते यंत्र होते हे मलाही कळत होते.

कंदील, आपला मुद्दा मी समजतो. पण त्या रात्री मी कोणत्या नटासाठी उपाशी राहिलो होतो?

ताळेबंद

भावना बाजूला ठेवून थोडे व्यवहाराचे बोलतो, कारण या चर्चेतून पैसा पूर्ण गायब झाला आहे.

‘कामेन रायडर’ ही शोतारो इशिनोमोरी यांची मालिका ३ एप्रिल १९७१ रोजी सुरू झाली. त्याच वर्षी काल्बी कंपनीने ‘कामेन रायडर स्नॅक’ बाजारात आणला: २० येनला पुडा आणि पुड्याबरोबर एक चित्रपत्र. मुलांनी चित्रपत्रे ठेवून घेतली आणि खाऊ चक्क फेकून दिला, इतक्या मोठ्या प्रमाणावर की तो सार्वजनिक काळजीचा विषय झाला. त्याच काळात पोपी कंपनीचा, दिवा लागणारा आणि आतले चक्र फिरणारा रूपांतराचा कमरपट्टा घरोघरी गेला. आपण ज्याला माया म्हणता तिची मुळे या खरेदीत आहेत. निश्चल मुखवटा मनाला भिडतो म्हणून निवडला गेला असे समजणे भाबडेपणाचे आहे. मुखवट्याचे खेळणे चेहऱ्याच्या खेळण्यापेक्षा सहज बनते, पोशाखातला नट बदलला तरी माल तोच राहतो, आणि मालिका दशकानुदशके चालू ठेवता येते. अनेक कथात्म पॉडकास्टांचाही संसार आज श्रोत्यांच्या मासिक वर्गणीवर, कपड्यांवर आणि रंगमंचीय प्रयोगांच्या तिकिटांवर चालतो. त्यात गैर काही नाही. पण ज्या मायेची मशागत दुकानदाराने केली आहे, ती शुद्ध आपली आहे असा दावा करताना थोडे थांबावे.

सांजवेळ

कंदील, आपला आक्षेप मला लागला आणि लागायलाच हवा होता. फुरुया यांचा उल्लेख राहून गेला ही माझी चूक आहे. ‘ना नटावरची’ हे शब्दही मी घाईने लिहिले. आता ते असे म्हणेन: नटाच्या देहातूनच ती माया वाट काढते, पण पोहोचते ती पात्रापाशी. बसमधल्या मुलांना फुरुया ओळखू आले असते तर ते सुखावले असतील, पण त्यांना कामावर परत नेले ते मुलांनी अल्ट्रामॅनवर केलेल्या प्रेमाने. त्यांनी ते परके मानले नाही.

ताळेबंद, आपली माहिती बरोबर आहे आणि निष्कर्ष मला मान्य नाही. आपल्याच ‘कामेन रायडर’चे उदाहरण घेते. नायक होंगो ताकेशीची, म्हणजे पहिल्या रायडरची, भूमिका करणारे हिरोशी फुजिओका हे मालिकेच्या सुरुवातीलाच चित्रीकरणात मोटारसायकलवरून पडले आणि त्यांचा पाय मोडला. पुढे काय करायचे याचा खल झाला तेव्हा पात्रालाच मारून टाकावे हा पर्याय पुढे आला होता. निर्माते तोरू हिरायामा यांनी त्याला विरोध केला. मुलांच्या लाडक्या नायकाला मारायचे नाही, अशी त्यांची भूमिका होती. म्हणून होंगो परदेशी शत्रूशी लढायला गेला असे दाखवले गेले, १४व्या भागापासून इचिमोंजी हायातो हा दुसरा रायडर आला, आणि फुजिओका बरे झाल्यावर होंगो परत आला. माल खपवण्यासाठी कोणताही रायडर चालला असता, आपणच म्हणता त्याप्रमाणे पोशाख तोच होता. तरीही एका विशिष्ट होंगोचे प्राण वाचवावेसे वाटले, कारण मुलांच्या मनात तो जिवंत होता आणि हे त्या निर्मात्याला ठाऊक होते.

आणि जे विकायला सोपे नव्हते त्याचे काय? ‘अल्ट्रामॅन’च्या २३व्या भागातला जमिला आठवून पाहा. तो मुळात अंतराळवीर, म्हणजे माणूस. पाणी नसलेल्या ग्रहावर तो अडकला, त्याच्या देशाने ती गोष्ट दडपली, आणि राक्षसी रूप घेऊन तो सूड उगवायला परत आला. त्याची खरी ओळख उघड न करता त्याला संपवण्याचा हुकूम निघतो. अल्ट्रामॅन त्याच्यावर पाण्याचा फवारा सोडतो; ज्या पाण्यासाठी तो तडफडला होता त्याच पाण्याने तो चिखलात लोळत मरतो, आणि त्याच्या आक्रोशात तान्ह्या मुलाच्या रडण्याचा आवाज मिसळलेला आहे. शेवटी त्याच्या स्मारकावर सुंदर शब्द कोरतात, आणि तुकडीतला इदे त्या सुंदर शब्दांवर चिडतो. लेखक मामोरू सासाकी, दिग्दर्शक आकिओ जिस्सोजी. संध्याकाळी मुलांच्या कार्यक्रमात नायकाच्या विजयाचीच लाज वाटावी असा भाग कोणत्या दुकानदाराने मागितला असेल? जमिलाला तर धड मानही नाही, डोके खांद्यांतच रुतलेले आहे. त्याच्यावर आजही लोक जीव लावतात.

दूरदेशी

सांजवेळ यांच्या बाजूने एक भर घालतो. ‘किकाइडर’ ही १९७२ची ४३ भागांची जपानी मालिका हवाईमध्ये १९७४ पासून इंग्रजी उपशीर्षकांसह दाखवली गेली आणि तिथल्या मुलांच्या एका सबंध पिढीने तिला डोक्यावर घेतले. नायक जिरो हा यंत्रमानव. त्याच्या निर्मात्याने त्याच्यात सदसद्विवेकाचे मंडल बसवले, पण ते अपुरे राहिले, म्हणून दुष्ट गिलची बासरी वाजली की तो डोके धरून तडफडतो. १२ एप्रिल २००२ रोजी हवाईचे गव्हर्नर बेन कायेतानो यांनी त्या पिढीच्या नावाने एक दिवस जाहीर केला. १९७४ साली ज्यांनी खेळणी घेतली होती ती मुले तोवर चाळिशीच्या आसपास पोहोचली होती. २८ वर्षांनंतरही टिकलेल्या भावनेला ताळेबंद काय म्हणतील हे जाणून घ्यायला आवडेल.

ताळेबंद

दूरदेशी, ती भावना खरी आहे हे मी नाकारलेले नाही. ती कोणी पेरली एवढेच मी विचारले होते. जमिलाचे उदाहरण मात्र मला निरुत्तर करते, हे प्रामाणिकपणे मान्य करतो.

रात्रपाळी

आतापर्यंत सगळी चर्चा मुखवट्यांची झाली. मी पॉडकास्टांबद्दल लिहिते, कारण माझे त्यांच्याशी नाते रोजचे आहे, आणि माझा विरोध तिथूनच येतो.

चार वर्षे मी रात्रीच्या पाळीत काम केले. त्या काळात ‘द मॅग्नस आर्काइव्ह्ज’ मी पूर्ण ऐकला. मार्च २०१६ ते मार्च २०२१, २०० भाग. लंडनमधल्या एका संस्थेचा अभिलेखपाल लोकांनी दिलेल्या भयकथांचे जबाब जुन्या टेपरेकॉर्डरवर वाचून नोंदवतो, अशी त्याची चौकट. लेखकाचे नाव जोनाथन सिम्स, त्या पात्राचे नाव जोनाथन सिम्स, आणि आवाजही लेखकाचाच. रात्री तीन वाजता कानात एकटाच तो आवाज असतो. मुखवटा निदान काही फुटांवर, पडद्यापलीकडे असतो. हा आवाज थेट डोक्यात असतो. २००वा भाग संपला तेव्हा आपल्या ओळखीचे कोणीतरी गेले असे मला कित्येक दिवस वाटत राहिले, आणि ते कोणालाही सांगता आले नाही.

सांजवेळ म्हणतात की लपलेल्या चेहऱ्यामुळे माया खोल होते. मी म्हणते की म्हणूनच सावध राहावे. डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या अमेरिकन अभ्यासकांनी १९५६ साली या एकतर्फी जवळिकीवर पहिला महत्त्वाचा लेख लिहिला. त्यांच्या उदाहरणांपैकी एक अमेरिकन रेडिओवरचा ‘लोनसम गॅल’ हा कार्यक्रम आहे. एक स्त्री-आवाज रात्री एकट्या पुरुष श्रोत्यांशी प्रेयसीसारखा बोलत असे. ती निवेदिका जीन किंग लोकांसमोर येताना चेहऱ्यावर मुखवटा घालून येई. मुखवटा आणि आवाज, दोन्ही एकत्र! म्हणजे चेहरा झाकला की ऐकणाऱ्याचे मन उरलेले भरून काढते, हे रेडिओवाल्यांना तेव्हाच पक्के माहीत होते, आणि ज्याच्या आयुष्यात कोणी नाही त्याचे मन सर्वांत जास्त भरून काढते हेही माहीत होते. ज्या निर्मितीला आपण कल्पनाशक्तीचा सोहळा समजतो, ती कधीकधी एकटेपणाची नोंद असते. त्या चार वर्षांत मी मैत्रिणींना फोन करणे जवळजवळ थांबवले होते. आवाजाने मला तगवले हे खरे; त्याच आवाजाने माझी उणीव मला जाणवू दिली नाही, हेही तितकेच खरे.

पिंपळपार

रात्रपाळी, आपले लिहिणे वाचून अस्वस्थ झालो, आणि एक वेगळी आठवण आली. आमच्या घरात आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावरचे ‘पुन्हा प्रपंच’ ही श्रुतिका कधी चुकत नसे. मीनावहिनी, टेकाडे भावजी, पंत ही माणसे आमच्या घरातली होती. त्यांना आवाज देणाऱ्या नीलम प्रभू आणि बाळ कुडतरकर यांची नावे मोठ्यांना ठाऊक होती, पण घरात ती कोणी घेत नसे. एकदा मासिकात नीलमबाईंचे छायाचित्र छापून आले. आईने ते नीट पाहिले, बाई सुंदर आहेत असे म्हणाली, आणि मासिक मिटून ठेवताना म्हणाली, “पण ह्या मीनावहिनी नव्हेत.” तिच्या मनातल्या मीनावहिनी जरा सावळ्या होत्या आणि तिच्या थोरल्या बहिणीसारख्या होत्या, हे तिने मला पुढे अनेक वर्षांनी सांगितले.

आई एकटी नव्हती. घरात नऊ माणसे होती. ऐकणे सगळ्यांनी मिळून होत असे आणि दुसऱ्या दिवशी विहिरीवर त्याची चर्चा होत असे. पात्र तेव्हाही एकतर्फीच होते, पण ते ऐकणारे एकमेकांना धरून होते. कानात घालण्याच्या यंत्राने जर काही हिरावले असेल तर ते हे.

पैलतीर

पिंपळपार यांच्या आईंनी मासिक मिटले आणि विषय तिथेच संपला. आज तो संपत नाही, आणि माझा आक्षेप त्याविषयी आहे.

सांजवेळ, आपण लिहिले आहे की सेसिलची हजारो चित्रे निघाली. त्या चित्रांचे पुढे काय झाले तेही लिहायला हवे होते. अल्पावधीतच त्यांतला एक ठरावीक सेसिल रूढ झाला: गोरा, सडसडीत, फिकट केसांचा, कपाळावर तिसरा डोळा, अंगावर जांभळे गोंदण. पॉडकास्टमध्ये असे काहीही म्हटलेले नसताना बहुसंख्यांनी रिकामी जागा आपल्यासारख्या माणसाने भरली, आणि ज्यांनी तो सावळा किंवा जाडसर रेखाटला त्यांना वाद घालत बसावे लागले. आपण म्हणता की ज्यात आपले काही गेले त्यावर जीव जडतो. खरे आहे. पण ज्यात आपले काही गेले त्यावर मालकीही सांगावीशी वाटते, आणि मग दुसऱ्याने भरलेली निम्मी बाजू सहन होत नाही. कार्लोसच्या बाबतीत निर्मात्यांनी दाखवलेला विवेक मला जास्त मोलाचा वाटतो. त्या पात्राला सुरुवातीला सहलेखक क्रॅनर यांनीच आवाज दिला होता. पण लॅटिनो, म्हणजे लॅटिन अमेरिकी वंशाच्या, आणि समलिंगी असलेल्या पात्राला गोऱ्या, विषमलिंगी पुरुषाने आवाज देणे त्यांनाच खटकू लागले, आणि पुढे ते काम डिलन मॅरन यांच्याकडे गेले. चाहते हातची पेन्सिल घट्ट धरून बसतात. इथे ज्याच्याकडे पात्राचा आवाजच होता त्याने तो सोडला.

सांजवेळ

रात्रपाळी, आपण लिहिलेले मी तीनदा वाचले. जागा रिकामी असते म्हणून मन ती भरते हे मी अभिमानाने लिहिले; ती भरताना दुसरीकडची जागा रिकामी होत असेल, हा विचार मी केला नव्हता. तरी एक विचारते, वाद म्हणून नव्हे. तो पॉडकास्ट नसता तर त्या रात्री फोन केले गेले असते, की नुसतीच शांतता असती?

पैलतीर, आपला आक्षेप मी पूर्णपणे स्वीकारते. पिंपळपार यांच्या आईंच्या ‘ह्या मीनावहिनी नव्हेत’ या वाक्यात दुसऱ्या कोणाच्याही मीनावहिनीला नकार नाही. आपले चित्र आपल्यापाशी ठेवण्याची ती रीत मला शिकायला हवी.

रात्रपाळी

शांतताच असती, असे वाटते. पण खात्रीने सांगता येत नाही. आता मी दिवसपाळीत आहे, आणि एका मैत्रिणीबरोबर पहिल्या भागापासून पुन्हा ऐकायला सुरुवात केली आहे. तिच्या मनातला जोनाथन माझ्यापेक्षा बराच म्हातारा आहे.

कंदील

या चर्चेमुळे काल रात्री ‘अल्ट्रासेव्हन’चा शेवटचा भाग पुन्हा काढून पाहिला. सांजवेळ यांनी मूळ लेखात ‘एका सहकाऱ्याला सोडवण्यासाठी’ असे लिहिले होते आणि त्या सहकाऱ्याचे नाव घेतले नव्हते. मीही ते वाचून पुढे गेलो होतो.

आन दानचा हात धरून त्याला थांबवू पाहते. तेव्हा तो म्हणतो की अमागी संकटात आहे, आणि तिला दूर सारून शेवटचे रूप बदलतो. शत्रूच्या तळात अडकून पडलेला हा अमागी म्हणजे तुकडीतला एक साधा सदस्य. चेहरा उघडा, अंगावर इतरांसारखाच गणवेश. ही भूमिका बिन फुरुया यांची आहे. ज्यांनी आधीच्या मालिकेत एकदाही चेहरा न दाखवता अल्ट्रामॅन उभा केला होता, त्यांना या मालिकेत अखेर चेहरा मिळाला होता. आणि त्यांना सोडवायला जो सेव्हन धडपडत, पडत, पुन्हा उठत येतो, त्याच्या पोशाखात या वेळी कोजी उएनिशी आहेत.

मी तो प्रसंग लागोपाठ दोनदा पाहिला. पहिल्यांदा फुरुयांसाठी पाहायचे असे ठरवले होते, आणि शेवटपर्यंत माझे सगळे लक्ष सेव्हनकडे होते.